दिवाळीनंतरचा पावसाळा

दिवाळी झाली, भाऊबीज उरकली की महाराष्ट्रातून दक्षिणेकडं सहली निघतात. शाळांना सुट्टी असते, फराळाचे डबे भरलेले असतात आणि पाऊस परतलेला असतो. तिकडचा परततो तेव्हा इकडं तमिळनाडूत तो उंबऱ्याशी आलेला असतो. तमिळ पंचांगातले ऐप्पसी आणि कार्तिगै हे दोन महिने, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ, हा इथला ऐन पावसाळा. चेन्नईत वर्षभरात पडणाऱ्या पावसातला निम्म्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबर एवढ्यात पडून जातो. आणि आपली मंडळी नेमकी याच दिवसांत येतात, छत्री घरी ठेवून.

त्यांना घेऊन फिरणं हे माझं काम. सहल कंपन्या पुण्या-मुंबईच्या असतात. चेन्नईत उतरल्यापासून मदुरैपर्यंत प्रवासी माझ्या ताब्यात. मी श्रीपेरुंबुदूरला राहते. मिस्टर ओरगडमच्या एका कारखान्यात आहेत, त्यांच्या नोकरीपायी इस्लामपूर सोडून इथं आलो. तमिळ मी भाजीवाल्या अम्मांकडून आणि शेजारणींकडून शिकले. बसही आमच्या गावचीच. मालकाच्या बाकीच्या गाड्या कारखान्यांच्या पाळ्यांना माणसं नेतात-आणतात, ही एक तेवढी सहलींना. चालवणारे अण्णा मुरलेले आहेत. मी त्यांना अण्णा म्हणते, ते मला अक्का म्हणतात, आणि प्रवासी आम्हा दोघांना अण्णा आणि ताई.

पूर्वी कार्यक्रमात श्रीपेरुंबुदूर नसायचं. विमानतळावरून थेट कांचीपुरम. गाव वाटेतच, चेन्नई-बंगळुरू महामार्गावर, चेन्नईपासून चाळीसेक किलोमीटरवर. तरी काचेतून कारखान्यांच्या पाट्या दिसायच्या नि गाव मागं पडायचं. मी हट्टानं इथला थांबा घालून घेतला. गाव माझं म्हणून नाही. विशिष्टाद्वैताचे आचार्य रामानुज 1017 साली इथं जन्मले, आणि ज्यांच्या घरी पंढरीची वारी आहे त्यांनी हे गाव न बघता पुढं जावं हे मला पटत नाही. आदिकेशव पेरुमाळाच्या मंदिरात आचार्यांची जी मूर्ती आहे ती ते हयात असतानाच घडवलेली, अशी परंपरा आहे. म्हणून ती सजीव मानतात; थंडीत तिला ऊन पाण्यानं स्नान घालतात, पांघरूण घालतात. हे सांगितलं की गटातली एखादी काकू लगेच म्हणते, आमच्या विठोबालाही थंडीत कानपट्टी बांधतात की! मग मला पुढं फार समजावून सांगावं लागत नाही.

गावाबाहेर राजीव गांधींचं स्मारक आहे. 21 मे 1991 च्या रात्री स्फोट झाला ती जागा. सात खांब उभे आहेत, पावसात ते काळेभोर दिसतात. इथं मी एवढंच सांगते, की 2003 साली या स्मारकाचं उद्घाटन करणारे राष्ट्रपती अब्दुल कलाम रामेश्वरमचे, आणि रामेश्वरमच्या बेटावर ज्या पुलावरून आपली बस जाणार आहे तो 2 ऑक्टोबर 1988 ला खुला करणारे पंतप्रधान राजीव गांधी. सहलीची दोन टोकं अशी एकमेकांना बांधलेली आहेत. माणसं गप्प होतात. बाहेर रिपरिप चालू असते, रेनकोट घातलेली पोरंसुद्धा दंगा करत नाहीत.

पावसाचा पहिला धडा मी इथंच देते, कांचीच्या वाटेवर. कारण तोवर मागच्या सीटवरून सुरू झालेलं असतं: "ताई, हे असंच राहणार का? आम्हाला तर कुणी सांगितलं नव्हतं." रास्त तक्रार आहे. माहितीपत्रकात निळा समुद्र आणि लख्ख ऊन छापलेलं असतं. मी कंपन्यांना दर वेळी सांगते, की लोकांना आधी कळवा, टॉवेल आणि जादा चपला आणायला सांगा. काही ऐकतात, काही नाही. पण बसमध्ये बसलेल्या माणसापुढं कंपनीची बाजू घेण्यात अर्थ नसतो, तशी तिला नावं ठेवण्यातही नसतो. त्याला हा पाऊस कुठून येतो ते सांगावं.

जूनमध्ये अरबी समुद्रावरून येणारे ढग आपला सह्याद्री अडवतो. कोकण न्हाऊन निघतं आणि पलीकडं येता येता त्यांचा जोर सरतो. तमिळनाडूच्या किनाऱ्याला त्यातलं थोडंच मिळतं. ऑक्टोबरात वारा फिरतो, ईशान्येकडून वाहू लागतो, बंगालच्या उपसागरावरून ओल घेऊन या किनाऱ्यावर आदळतो. मधूनच समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होतो, त्याचं कधी वादळ होतं. मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस. आपण जो पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुरवून खातो, तो इथली माणसं दोन-अडीच महिन्यांत साठवतात. साठवायला त्यांनी तळी बांधली.

ती तळी दाखवते. आमच्या गावचं तळं, पिल्लैपाक्कमचं तळं, अशी एकाखाली एक आहेत. वरचं भरलं की सांडव्यावरून पाणी खालच्यात, त्यातून आणखी खालच्यात, आणि शेवटी चेंबरम्बाक्कममध्ये. तिथून अडयार नदी. विमानतळाकडून येताना सगळे या तलावाजवळून आलेले असतात, कुणाच्या लक्षात तो आलेला नसतो. 24 फूट पाण्यानं तो भरतो. 1 डिसेंबर 2015 च्या रात्री त्यातून 29,000 क्युसेकपर्यंत पाणी सुटलं, अडयारच्या दोन्ही काठांवर हाहाकार झाला, विमानतळाची धावपट्टी पाण्याखाली गेली. म्हणून आमच्याकडं कार्तिगैत लोक सकाळी उठून आधी तलावात किती फूट पाणी आहे ते बघतात. कोयनेचं पाणी किती फुटांवर आलं हे बघत बसणारी सांगली-कराडकडची माणसं गटात असली, तर तीही मोबाइलवर चेंबरम्बाक्कम शोधायला लागतात.

एकदा असं झालं, की बाहेर न दिसणाऱ्या देखाव्याबद्दल माणूस हळहळत नाही. पावसात काय चाललंय तेच बघू लागतो. तुडुंब शेत, बांधावर कुडकुडणारे बगळे, रस्त्याकडेला प्लास्टिकखाली भज्यांची कढई, सांडव्याच्या धारेखाली लुंग्या खोचून मासे धरणारी पोरं. हे सगळं ऊन असताना दिसत नाही. माझं म्हणणं असं आहे, की या दिवसांत तमिळनाडूत आलेला माणूस चुकीच्या वेळी आलेला नसतो. हा प्रदेश वर्षभर ज्याची वाट बघतो ते नेमकं त्याच्या डोळ्यांपुढं चाललेलं असतं. गाइडनं ते दाखवायला हवं, खिडकीकडं बोट करून "एरवी इथून समुद्र दिसतो" म्हणत बसू नये.

पावसातलं आमचं काम वेगळं असतं. चाळीस माणसांच्या श्वासांनी काचा आतून धुरकटतात. अण्णा एसीचा झोत पुढच्या काचेवर वळवतात, मी वर्तमानपत्राचे बोळे करून बाजूच्या काचा पुसायला देते. फडक्यानं ओघळ उमटतात, कागदानं काच स्वच्छ निघते. रस्त्यावर पाणी साचलेलं असलं की माइक बंद. त्या वेळी मी दरवाजापाशी उभी राहून डावी कड बघते. दुभाजकाच्या कठड्यावर काळे-पिवळे पट्टे रंगवलेले असतात. त्यातला किती बुडालाय आणि पुढच्या गाडीचं चाक कुठवर गेलंय, यावरून अण्णा पाण्याचा अंदाज घेतात. पुढं कुणी गेलेलं नसेल तर थांबतात. पहिल्यांदा पाण्यात गाडी घालायची नाही हा त्यांचा नियम. "अक्का, मागं येणाऱ्याला घाई आहे, त्याला जाऊ दे." मागं हॉर्न वाजतात, पुढं प्रवासी घड्याळं बघतात, ते ढिम्म.

एका फेरीत महाबलीपुरमला तर आम्ही बसमधून उतरलो ते थेट कोरलेल्या गुहांमध्ये जाऊन उभे राहिलो. किनाऱ्यावरचं मंदिर लांबून बघितलं. पाँडिचेरीला जेवण. तंजावरला मुक्काम.

तंजावरहून रामेश्वरमकडं जाणारा रस्ता मात्र मी कधी झोपेत जाऊ देत नाही. बृहदीश्वराच्या आवारात मराठीत कोरलेला भोसल्यांच्या वंशाचा प्रदीर्घ शिलालेख सगळे बघून आलेले असतात, 1803 सालचा. बोटानं अक्षरं लावत वाचून आलेले असतात. पण त्या राजांनी काय केलं ते या रस्त्यावर कळतं. काशी-रामेश्वराची यात्रा करणारी माणसं याच वाटेनं पायी जात. त्यांच्यासाठी तंजावरच्या मराठा राजांनी आणि राण्यांनी छत्रं बांधली. ओरथनाडला सरफोजी राजे दुसरे यांनी मुक्तांबाळच्या नावानं बांधलेलं छत्र आहे. वाटसरू कुठल्याही जातीचा, कुठल्याही मुलखाचा असो, त्याला जेवण. आजारी पडला तर औषधपाणी. पावसात अडकला तर निवारा. काशीहून निघालेला माणूस कार्तिकात इथं पोचत असेल तेव्हा त्याच्या अंगावर काय असेल, पायात काय असेल? भर पावसात ओरथनाडवरून जाताना हे सांगितलं की मंडळी डबे उघडतात. चिवडा-लाडू फिरतो, अण्णांनाही पुढं जातो. आमच्याबरोबरच्या आचाऱ्यानं त्या दिवशी आल्याचा चहा थर्मासात भरून घेतला होता.

पुढं किनाऱ्याच्या रस्त्याला लागलं की मल्लिपट्टिणमजवळ मनोरा आहे. समुद्रालगत सहा कोनी, आठ मजली इमारत. तीही सरफोजी राजांची. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून बांधलेली. या राजाला डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत रस होता, त्याचा ग्रंथसंग्रह आजही सरस्वती महालात आहे, आणि राज्याची सत्ता ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात गेलेली होती. त्याच्या मनोऱ्याकडं मी अभिमानानं बोट दाखवावं की खिन्न व्हावं हे मला अजून ठरवता येत नाही. छत्रांबद्दल मात्र मला काही ठरवावं लागत नाही.

त्या फेरीत पुलाअलीकडच्या मंडपमला पोचलो तेव्हा वारा सुटला होता. बस पुलावर चढली आणि बाजूला सरकल्यासारखी झाली. अण्णांनी वेग उतरवला. उजवीकडं-डावीकडं करड्या रंगाशिवाय काही नव्हतं, पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं लागतं ते कळत नव्हतं. शेजारी रेल्वेचा पूल दिसत होता. 1914 चा पूल, ज्यावर वाऱ्याचा वेग ताशी 58 किलोमीटरच्या वर गेला की गाड्या थांबवत. त्याच्या बाजूला नवा, मधला भाग सरळ वर उचलला जाणारा. तो एप्रिल 2025 मध्ये सुरू झाला. 1988 पर्यंत बेटावर यायला हा रस्ताच नव्हता. बसमधल्या दोघा-तिघांच्या आईवडिलांनी रामेश्वर केलं होतं ते रेल्वेनं, या जुन्या पुलावरून.

1964 च्या वादळात हा जुना पूल मोडला होता. दुरुस्तीला रेल्वेनं काही महिन्यांची मुदत धरली होती, आणि ई. श्रीधरन नावाच्या तरुण इंजिनिअरनं ते काम 46 दिवसांत पुरं केलं. त्यांनीच पुढं आपली कोकण रेल्वे उभी केली. हे ऐकून रत्नागिरीचे एक काका उठून उभे राहिले आणि काचेला नाक लावून पूल बघू लागले.

गटात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. त्यांच्या पिशवीत गंगेची सीलबंद तांब्याची लोटी होती, काशीहून आणलेली, रामेश्वराच्या अभिषेकासाठी. हा जुना शिरस्ता. गंगेचं पाणी रामेश्वराला घालायचं आणि सेतूची वाळू नेऊन प्रयागला गंगेत सोडायची. एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजली ती हीच कावड. आजींनी ती गोष्ट मला बसमध्ये सांगितली. मला ठाऊक होती, तरी ऐकली. लोटीचं काम देवळात होणार होतं. वाळू हवी होती बेटाच्या टोकाची, धनुष्कोडीची.

दुसऱ्या दिवशी पहाटे अग्नितीर्थावर स्नान, मग देवळातल्या बावीस तीर्थांचं. विहिरीच्या कठड्यावर उभा राहिलेला माणूस दोरानं छोटी बादली टाकतो, खेचतो आणि डोक्यावर रिकामी करतो. पुढच्या विहिरीकडं पळायचं. वरून पाऊस, खालून विहिरीचं पाणी. मंडळी इतकी हसत होती की मला त्यांना आवरावं लागलं. ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडं जाऊ देत नाहीत, म्हणून कपडे बदलून बाराशेहून जास्त खांबांच्या त्या लांबलचक प्राकारातून फिरलो. अभिषेक झाला. आजींचा चेहरा उजळला होता.

दुपारी धनुष्कोडीला निघालो. मुकुंदरायर छत्रमच्या चौकीवर पोलिसांनी बस अडवली. समुद्र खवळलेला, पुढं जाता येणार नाही. बसमध्ये कुरबुर सुरू झाली. "एवढ्या लांबून आलो. दहा मिनिटं तरी! त्यांना काही चहापाण्याला देऊन बघा ना, ताई." मी माइक घेतला.

22 डिसेंबर 1964 ला रात्री उशिरा पांबनहून धनुष्कोडीला जाणारी पॅसेंजर निघाली होती. धनुष्कोडी तेव्हा नांदतं गाव होतं. स्टेशन, पोस्ट, चर्च, आणि पलीकडं सिलोनच्या तलैमन्नारला जाणारी बोट. मद्रासहून येणारा माणूस तिकीट काढून इथवर यायचा आणि बोटीत बसायचा. स्टेशन जवळ आलं तेव्हा सिग्नल मिळेना. अंधार, पाऊस, वारा. गाडी थांबून राहिली, मग चालकानं शिट्टी देऊन ती पुढं काढली. समुद्राची लाट आली आणि डब्यांसकट गाडी गेली. शंभराहून जास्त माणसं होती. कुणीही वाचलं नाही. गाव उद्ध्वस्त झालं, आणि सरकारनं ही जागा राहण्यालायक नाही असं जाहीर केलं. आज चर्चच्या आणि स्टेशनच्या भिंती उभ्या आहेत, त्याच आपण बघायला जातो. तेव्हा हा पोलीस आपली सहल बिघडवतोय असं समजू नका.

त्यानंतर कुणी चहापाण्याचं नाव काढलं नाही. एका काकांनी खाली उतरून त्या भिजलेल्या हवालदाराला बिस्किटांचा पुडा दिला. आजी मात्र काही बोलल्या नाहीत. खिडकीतून रस्त्याकडं बघत राहिल्या, आणि मला ते तक्रारीपेक्षा जड गेलं.

रात्री मी हवामान खात्याचं रडारचं चित्र बघत होते. ढगांचा पट्टा उत्तरेला सरकत होता. अण्णांना विचारलं. ते म्हणाले, सकाळी चौकी उघडली तर सहाला जाऊ, नाहीतर सरळ मदुरै. सगळ्यांना तसं सांगून टाकलं, आशा लावली नाही. पहाटे पाऊस थांबला होता. चौकी उघडली होती, पण जास्त वेळ थांबू नका म्हणून ताकीद मिळाली.

रस्ता 2017 साली अगदी टोकाच्या अरिचलमुनैपर्यंत नेला आहे, त्याआधी शेवटचा टप्पा जीपनं वाळूतून व्हायचा. दोन्ही हातांना समुद्र. एरवी डावीकडचा, पाल्कच्या सामुद्रधुनीचा, शांत असतो, आणि उजवीकडचा मन्नारच्या आखाताचा दांडगा. इथले कोळी एकाला बाईचा समुद्र म्हणतात, एकाला पुरुषाचा. पण ईशान्येचा वारा सुटला की उलटं होतं. त्या सकाळी डावीकडं गढूळ लाटा वाळूवर आपटत होत्या आणि उजवीकडं मन्नारचं पाणी आडव्या रेघेसारखं स्वस्थ पडलं होतं. दोघांच्या मधून आमची बस चालली होती. फोटोत ज्यांनी हा रस्ता बघितला होता त्यांना ही अदलाबदल दिसण्याचं कारण नव्हतं. निळ्या समुद्राच्या दिवसांत आलेल्याला ती दिसत नाही. मी अण्णांना बस सावकाश घ्यायला सांगितली आणि सगळ्यांना आधी एका बाजूचं, मग दुसऱ्या बाजूचं पाणी बघायला लावलं.

टोकाला आजींना दोन्ही बाजूंनी धरून खाली उतरवलं. त्यांनी पदराखालून जर्दाळूची रिकामी बरणी काढली. वाळू ओली होती, मुठीतून सुटत नव्हती. त्यांनी ती तळव्यावर पसरली, त्यातले शंखांचे तुकडे वेचून बाजूला टाकले, आणि मग बरणीत भरली. "ओली नेली तर वास मारेल का गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मदुरैला हॉटेलवर कागदावर पसरून वाळवू. लगेच मागून चौघींनी आपल्या पिशव्या पुढं केल्या.

या वळणापायी मदुरैला पोचायला दुपारचा एक वाजून गेला. मीनाक्षीचं देऊळ साडेबाराला बंद होतं ते चारला उघडतं. दोघांची रात्रीची गाडी होती, त्यांना धावत दर्शन घ्यावं लागलं, आणि ते माझ्यावर नाराज होऊनच गेले. बाकीच्यांनी साड्यांच्या दुकानाचा वेळ सोडून दिला. हॉटेलच्या खोलीत पंखा पुरा सोडून, टीपॉयवर तमिळ वर्तमानपत्रं पसरून पाच बायका वाळू वाळवत बसल्या होत्या. मी अण्णांसाठी जेवण सांगायला खाली गेले. त्यांना रातोरात गाडी श्रीपेरुंबुदूरला न्यायची होती, सोमवारी पहिल्या पाळीला एक बस कमी पडत होती.